गुडघ्यातलं वंगण खरंच संपतं का?

वाचकाचं पत्र:

"माझं वय 58. दोन्ही गुडघे दुखतात, उजवा जास्त. बराच वेळ बसून उठलं की पहिली काही पावलं जड जातात, मग मोकळं वाटतं. जिना उतरताना आतून करकर ऐकू येते. डॉक्टरांनी एक्स-रे पाहून 'सुरुवातीची झीज आहे' असं सांगितलं, व्यायाम करा आणि वजन उतरवा म्हणाले. घरात मात्र प्रत्येकाचं मत वेगळं. नणंद म्हणते, वंगण संपलंय, आता जितकी चालशील तितके गुडघे झिजतील, चालणं बंद कर. मुलगा म्हणतो, वंगणाचं इंजेक्शन मिळतं, सांध्यात मुळात जो पदार्थ असतो तोच भरतात, मग घ्यायला काय हरकत आहे? मी बरीच वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आहे, तेव्हा कृपा करून 'काळजी करू नका' एवढंच लिहू नका. दोन हाडांच्या मध्ये नेमकं काय असतं, ते झीज कशी रोखतं आणि माझ्या गुडघ्यात काय बिघडलं आहे, हे कळलं तर निर्णय मला घेता येईल."

ताई, सप्रेम नमस्कार.

चालणं बंद करू नका. उत्तर लांबणार आहे, म्हणून हे आधीच सांगते. डॉक्टरांचा सल्ला योग्य आहे. नणंदबाईंची काळजी मायेपोटी आहे हे मला कळतं, पण प्रत्येक पावलागणिक थोडं थोडं तेल खर्च होतं आणि एक दिवस ते संपतं, ही समजूत खरी नाही. दुखऱ्या गुडघ्यात पुष्कळदा द्रव उलट वाढलेला असतो. गुडघा सुजला की डॉक्टर सुईने जे काढतात, ते हेच पाणी. निरोगी गुडघ्यात हा द्रव जेमतेम काही मिलिलीटर असतो. म्हणजे किती आहे यापेक्षा त्यात काय आहे, आणि त्यातलं काय कूर्चेच्या, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या आवरणाच्या, पृष्ठभागाला धरून बसलं आहे, हे महत्त्वाचं. झिजेपासून संरक्षण मिळतं ते या धरून बसलेल्या रेणूंमुळे. तुमच्या आणि तुमच्या मुलाच्या, दोघांच्याही प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

आधी कूर्चेबद्दल. हाडांच्या टोकांवर तिचा गुळगुळीत, पांढरट थर असतो. तो बहुतेक ठिकाणी 2 ते 4 मिलिमीटर जाड असतो, गुडघ्याच्या वाटीच्या मागे त्याहून जाड. तिच्या वजनातला साधारण 65 ते 80 टक्के भाग पाणी. उरलेल्यात मुख्यतः कोलॅजेनच्या तंतूंची जाळी आणि त्या जाळीत अडकलेले ॲग्रिकनचे मोठाले रेणू. ॲग्रिकनवर ऋण विद्युतभार दाटीवाटीने असतो, त्यामुळे तो पाणी आत ओढून धरतो. कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत आणि वेदना पोचवणारे मज्जातंतूही नाहीत. तिला अन्न मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून. दुखतं तेव्हा ती दुखत नसते. दुखणं येतं भोवतालच्या अस्तरातून आणि खालच्या हाडातून.

तिच्या बाबतीत एक गोष्ट मला फार गंभीर वाटते. 1950 आणि 60 च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेतल्या किरणोत्सारी कार्बनचं प्रमाण एकदम वाढलं आणि नंतर उतरत गेलं. त्या चढउताराचा उपयोग करून माणसाच्या कूर्चेतल्या कोलॅजेनचं वय काढता येतं. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा अभ्यासात दिसलं की वाढीचं वय सरल्यावर कूर्चेत नवं कोलॅजेन जवळपास बनतच नाही. तरुणपणी जी जाळी विणली गेली तीच आयुष्यभर वापरायची. त्वचा भरून येते, हाड जुळतं, कूर्चेची जाळी मात्र परत विणली जात नाही. म्हणून तिच्या पृष्ठभागाला ओरखडा पडूच नये, याची व्यवस्था शरीराला इतक्या काटेकोरपणे करावी लागते.

आता तिच्यावर पडणारा भार पाहा. साध्या चालण्यात एकेका गुडघ्याची वर्षाला 10 लाखांच्या घरात आवर्तनं होतात. 1986 मध्ये एका रुग्णाच्या खुब्यात बसवलेल्या, दाब मोजणाऱ्या कृत्रिम गोळ्याने खुर्चीतून उठताना 18 मेगापास्कलपर्यंतचा दाब नोंदवला. हा वातावरणाच्या दाबाच्या सुमारे 180 पट झाला. असल्या दाबाखालीही निरोगी सांध्याचा घर्षणांक (सरकायला किती विरोध होतो त्याचं माप; जितका कमी तितकं निसरडं) 0.001 ते 0.02 च्या दरम्यान राहतो. न चिकटणाऱ्या तव्यांवर ज्याचा लेप असतो त्या टेफ्लॉनवर टेफ्लॉन घासला तर तो 0.04 च्या आसपास असतो.

हे कसं जमतं, यावर शास्त्रज्ञांचा बराच काळ वाद चालला. 1932 मध्ये मॅकोनेल यांनी मांडलं की दोन पृष्ठभागांच्या मध्ये द्रवाचा पातळ पडदा तयार होतो आणि कूर्चा त्याच्यावर तरंगत सरकते, फिरत्या यंत्रात तेलाच्या पडद्यावर दांडा फिरतो त्याच तत्त्वाने. अडचण अशी की असा पडदा टिकायला सतत वेगाने सरकणं लागतं. माणूस उभा राहतो, बसतो, वजन एका पायावर टाकून थांबतो. थांबल्यावर पडदा पिळून निघून जाणार. मग पुन्हा पाऊल उचललं की कूर्चेवर कूर्चा घासायला हवी, आणि तरी ती झिजत नाही. 1950 च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधले अस्थिशल्यविशारद जॉन चार्नली यांनी म्हटलं की वंगण पृष्ठभागालाच चिकटलेलं असणार. त्याच सुमारास मॅककचन यांनी दाखवलं की दाबाखाली कूर्चेतलं पाणीच बराचसा भार पेलतं. आज आपल्याला माहीत आहे की दोघांचंही बरोबर होतं.

चार्नलींची पुढची गोष्ट मी थोडी सविस्तर सांगते, कारण तुमच्या मुलाच्या प्रश्नाशी तिचा थेट संबंध आहे. त्यांना कृत्रिम खुबा बनवायचा होता. निसरडेपणा हवा, तर सगळ्यात निसरडा पदार्थ घ्यावा, म्हणून 1958 पासून त्यांनी खुब्याची वाटी टेफ्लॉनची बसवायला सुरुवात केली. सुरुवातीचे निकाल सुंदर होते, वेदना गेल्या, लोक चालायला लागले. पण दोन-तीन वर्षांत धातूचा गोळा टेफ्लॉन कुरतडत आत शिरू लागला आणि झिजलेल्या कणांनी आजूबाजूच्या ऊतींमध्ये दाह निर्माण केला. 300 च्या आसपास रुग्णांना या वाट्या बसवल्या होत्या. एकामागून एक त्या काढाव्या लागल्या. चार्नलींनी टेफ्लॉनचे कण स्वतःच्या मांडीत टोचून घेऊन काय होतं ते पाहिलं, इतकी ती गोष्ट त्यांच्या मनाला लागली होती. 1962 मध्ये ते अति-उच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीन या प्लास्टिककडे वळले. त्याचं घर्षण टेफ्लॉनपेक्षा जास्त, पण झीज कितीतरी कमी. पुढची अनेक दशकं जगभर कृत्रिम खुब्याची वाटी त्याच पदार्थाची राहिली.

घर्षण कमी असणं आणि झीज कमी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला विचाराल तर सांध्यांबद्दल बोलताना सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट हीच. पृष्ठभाग निसरडा असूनही झिजू शकतो, आणि फारसा निसरडा नसूनही शाबूत राहू शकतो.

नैसर्गिक सांध्यात हे काम कोण करतं याचा पहिला ठोस धागा 1968 मध्ये मिळाला. लिन आणि रॅडिन यांनी सांध्यातला द्रव घेऊन त्याला दाटपणा देणारं हायलुरोनिक ॲसिड विकराने (एन्झाइमने) तोडून टाकलं. द्रव पाण्यासारखा पातळ झाला, पण त्याची कूर्चेवरची वंगणशक्ती तशीच राहिली. मग त्यांनी प्रथिनं तोडणारं ट्रिप्सिन वापरलं. आता द्रव दाटच राहिला, पण वंगणशक्ती गेली. म्हणजे दाटपणावर काही अवलंबून नव्हतं. 1970 मध्ये रॅडिन, स्वान आणि वाइसर यांनी हायलुरोनिक ॲसिड नसलेला तो वंगण करणारा प्रथिनयुक्त अंश वेगळा काढला. पुढे त्यातल्या मुख्य रेणूला ल्युब्रिसिन हे नाव मिळालं.

ल्युब्रिसिनची रचना एकदा समजली की बाकीचं समजायला सोपं जातं. तो एक लांबट प्रथिन-रेणू आहे. दोन्ही टोकं पृष्ठभागाला चिकटणारी. मधल्या लांब भागावर साखरेच्या असंख्य छोट्या साखळ्या चहूबाजूंनी उभ्या, बाटली धुण्याच्या ब्रशच्या केसांसारख्या. टोकं कूर्चेला धरून ठेवतात आणि मधला भाग कमान करून बाहेर राहतो. त्या साखळ्या पाणी धरतात. समोरच्या कूर्चेवरही हीच व्यवस्था. दोन्ही बाजूंच्या साखळ्या पाण्याने भरलेल्या आणि एकमेकींना दूर ढकलणाऱ्या, त्यामुळे त्या एकमेकींत गुंतत नाहीत आणि खालच्या पृष्ठभागांची गाठ पडत नाही. हा सगळा थर नॅनोमीटरमध्ये मोजावा इतका पातळ आहे.

तो नसला तर काय होतं, हे काही मुलांच्या दुर्दैवाने आपल्याला कळलं. एका दुर्मीळ आनुवंशिक विकारात लहानपणीच बोटं वाकतात, मोठे सांधे सुजतात आणि बिघडत जातात. 1999 मध्ये सापडलं की या मुलांमध्ये ल्युब्रिसिन बनवणाऱ्या पीआरजी4 या जनुकात दोष असतो. हेच जनुक निकामी केलेल्या उंदरांचे सांधे जन्मतः ठीक असतात, पण वयाबरोबर कूर्चेचा पृष्ठभाग खराब होत जातो. पृष्ठभागावरचा एवढासा थर हरवला, की सांधा जातो.

मग हायलुरोनिक ॲसिडचं, म्हणजे वंगणाच्या इंजेक्शनात जे भरतात त्याचं, काय? कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी 1934 मध्ये गाईच्या डोळ्यातून ते प्रथम वेगळं केलं. सांध्यातल्या द्रवाला तार येते ती याच्यामुळे. त्याची एकेक साखळी फार लांब असते, रेणुभार लाखो डाल्टनमध्ये (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक). 1968 चा प्रयोग वाचून त्याला निरुपयोगी ठरवणं सोपं होतं आणि काही काळ तसं झालंही. पण पुढच्या प्रयोगांनी फार नाजूक फरक दाखवला, आणि तुमच्या मुलाला मी हाच भाग वाचायला सांगेन.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेत जेकब इस्राएलअश्विली यांच्या प्रयोगशाळेत अभ्रकाचे दोन अत्यंत गुळगुळीत पृष्ठभाग एकमेकांवर दाबून सरकवायचे आणि त्यांच्यातलं अंतर व बल अणूच्या मापाने मोजायचं, असं उपकरण होतं. त्या दोन पृष्ठभागांच्या मध्ये हायलुरोनिक ॲसिडचं नुसतं द्रावण ठेवलं तर ते चांगलं वंगण ठरत नव्हतं. दाब वाढला की साखळ्या बाजूला सरकत. मग त्यांनी त्याच साखळ्या पृष्ठभागाला रासायनिक बंधांनी पक्क्या जोडल्या. घर्षण काही फार कमी झालं नाही, निरोगी सांध्याच्या मानाने ते पुष्कळच जास्त होतं. पण मोठ्या दाबाखालीही पृष्ठभागाला इजा झाली नाही. रेणू तोच, सुटा असताना निघून जातो, जोडलेला असताना राखण करतो. 2013 मध्ये याच गटाने जोडलेल्या हायलुरोनिक ॲसिडवर ल्युब्रिसिन सोडून पाहिलं, तेव्हा दोघांनी मिळून झिजेपासून जे संरक्षण दिलं ते एकट्या ल्युब्रिसिनला जमत नव्हतं.

खऱ्या कूर्चेत या साखळ्यांना कोण जोडून ठेवतं, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. एक भाग ल्युब्रिसिनसारख्या प्रथिनांशी होणाऱ्या जोडणीचा आहे. दुसरा भाग मला विलक्षण वाटतो. 2011 मध्ये दिसून आलं की कूर्चा दाबली गेली की तिच्या पृष्ठभागाजवळची छिद्रं आकसतात आणि हायलुरोनिक ॲसिडच्या लांब साखळ्या तिथे अडकून पडतात. भार जितका वाढेल तितकी पकड घट्ट. गरज वाढते तेव्हाच संरक्षण वाढतं.

आणि निसरडेपणा? तो मुख्यतः पाण्याचा. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेत जेकब क्लाइन यांच्या गटाने 2002 मध्ये दाखवलं की विद्युतभाराभोवती घट्ट जमलेले पाण्याचे रेणू प्रचंड दाबाखालीही पिळून निघत नाहीत, आणि तरी ते द्रवासारखे प्रवाही राहतात. आपली जागा ते क्षणार्धात शेजाऱ्याशी बदलत असतात. 2015 मध्ये त्यांनी पुढचं पाऊल टाकलं. पृष्ठभागाला जोडलेल्या हायलुरोनिक ॲसिडवर सांध्यातच आढळणारे फॉस्फॅटिडिलकोलीन हे स्निग्ध रेणू बसवले, तर सांध्यासारख्या दाबाखाली घर्षणांक 0.001 च्या आसपास उतरतो. या स्निग्ध रेणूंची डोकी पाणी धरतात, ते बाहेरच्या बाजूला राहतात आणि सरकणं त्या पाण्याच्या थरात होतं. थोडक्यात, हायलुरोनिक ॲसिड पाया देतं, ल्युब्रिसिन पकड देतं, स्निग्ध रेणू पाणी वर आणून ठेवतात. यातलं कोणतंही एकटं पुरेसं नाही.

आता चालण्याकडे येते. पाऊल टेकतं तेव्हा सुरुवातीला भाराचा फार मोठा हिस्सा कूर्चेच्या आतलं दाबलेलं पाणी पेलतं, जाळीच्या वाट्याला थोडाच येतो. एकाच जागी बराच वेळ भार देऊन उभं राहिलं तर ते पाणी हळूहळू बाहेर झिरपतं आणि भार जाळीवर व पृष्ठभागावरच्या थरावर येतो. हालचाल सुरू झाली की पाणी परत आत जातं. शिवाय कूर्चेच्या वरच्या थरातल्या पेशी ल्युब्रिसिन बनवतात ते हालचालीच्या इशाऱ्यावर. प्रयोगशाळेत कूर्चेच्या तुकड्यांना सरकतं ठेवलं तर ल्युब्रिसिनचं स्रवणं वाढतं. सांध्याला पोषणही याच येण्याजाण्यातून मिळतं. चालणं थांबवलं तर झीज थांबेल असं वाटणं स्वाभाविक आहे, पण त्यात आपण पृष्ठभागावरच्या या थराची दुरुस्तीच थांबवत असतो. नणंदबाईंना हा आकडा सांगा: 2017 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा हौसेने धावणाऱ्यांमध्ये गुडघ्या-खुब्याची झीज 3.5 टक्के लोकांत दिसली, बैठं आयुष्य असणाऱ्यांमध्ये 10.2 टक्के. ज्यांचे गुडघे आधीच दुखत होते त्यांनी धावणं सोडलं असण्याचा प्रभाव यात आहेच, म्हणून यावरून कोणी पळायला लागावं असं मी म्हणणार नाही. पण वापरल्याने सांधे संपतात, ही भीती मात्र या आकड्यांपुढे टिकत नाही.

तुमच्या गुडघ्यात काय बिघडलं असेल? मी तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे या वयात सहसा जे होतं तेवढंच सांगते. झिजेच्या विकारात हायलुरोनिक ॲसिडच्या साखळ्या आखूड होतात आणि त्यांचं प्रमाण घटतं. दाह असेल तर दाहातली विकरं ल्युब्रिसिनचे तुकडे करतात. गुडघ्याचा अस्थिबंध (लिगामेंट) तुटल्यावर द्रवातलं ल्युब्रिसिन घसरतं आणि सावरायला एखादं वर्ष लागू शकतं, असंही आढळलं आहे. जुनी दुखापत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. पृष्ठभागाचा थर विरळ झाला की सरकणं गुळगुळीत राहत नाही; पृष्ठभाग क्षणभर अडकतात, सुटतात, पुन्हा अडकतात. 2013 च्या एका अभ्यासात कूर्चेची इजा घर्षणांकापेक्षा या अडकण्या-सुटण्याशी जास्त जुळताना दिसली, आणि अडकणं जास्त होत होतं ते बराच वेळ भाराखाली स्थिर राहिल्यावर.

म्हणून तुमच्या त्या पहिल्या जड पावलांसाठी एक सवय लावून घ्या. बसल्या बसल्या, भार न देता, दोन्ही गुडघे दहा-पंधरा वेळा सावकाश सरळ करा आणि वाकवा, मग उठा. एकाच जागी तासभर उभं राहणं किंवा बसणं टाळा.

व्यायामात मांडीच्या पुढच्या स्नायूंना पहिला मान. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणं-बसणं, पाय सरळ ठेवून उचलणं, स्थिर सायकल, पोहणं, सपाट जमिनीवर चालणं, यातलं जे रोज होईल ते. व्यायामानंतर थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत शमलं तर प्रमाण बरोबर आहे. दुसऱ्या दिवशीही सूज किंवा दुखणं वाढलेलं असेल तर पुढच्या वेळी निम्मं करा. गुडघा गरम आणि फुगलेला असेल त्या दिवसांत मात्र जबरदस्ती नको. दाह उतरू द्या, कारण त्या काळात थर तुटण्याचा वेग बनण्याच्या वेगापेक्षा जास्त असतो. वजनाबद्दल एवढंच सांगते की अंगावरचं 1 किलो वजन उतरलं तर प्रत्येक पावलात गुडघ्यावरचा भार सुमारे 4 किलोने हलका होतो. दिवसभरातल्या पावलांनी गुणून पाहा, तुम्ही विज्ञानाच्या शिक्षिका आहात.

करकर आवाजाची भीती सोडा. त्याच्यासोबत वेदना, सूज किंवा अडकणं नसेल तर नुसत्या आवाजाला उपचार लागत नाहीत.

इंजेक्शनबद्दल मुलाचा तर्क अर्धा बरोबर आहे. पदार्थ तोच, पण तो सुटा भरला जातो. साधं हायलुरोनिक ॲसिड एखाद-दोन दिवसांत सांध्यातून निम्मं निघून जातं. साखळ्या एकमेकींना जोडून जड केलेलं थोडं अधिक टिकतं. त्याला पृष्ठभागाशी जोडण्याची काही व्यवस्था या इंजेक्शनात नाही, आणि तुमच्या कूर्चेवरची नैसर्गिक व्यवस्था तर आधीच विरळ झालेली. काहींना काही महिने बरं वाटतं, हे मी नाकारत नाही. पण 2022 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 169 चाचण्या आणि 21 हजारांहून अधिक रुग्णांचा एकत्रित आढावा आला. त्यातल्या मोठ्या आणि नीट केलेल्या चाचण्यांत खोट्या इंजेक्शनच्या तुलनेत वेदनेतला फरक 100 पैकी सुमारे 2 गुणांचा निघाला, जो माणसाला जाणवतही नाही, आणि गंभीर दुष्परिणाम मात्र जास्त दिसले. तुमच्या आत्ताच्या अवस्थेत, व्यायाम नीट करून पाहण्याआधी, मी हे इंजेक्शन घेणार नाही. कोणी दर तीन महिन्यांनी स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलं तरी थांबून विचारा: 2017 च्या चाचणीत दोन वर्षं असं देत राहिल्यावर वेदना सलाइनपेक्षा कमी झाली नाही आणि कूर्चा मात्र अधिक पातळ झाली. दाह फार असेल तेव्हा एखादं देणं ही निराळी गोष्ट, ते डॉक्टरांनी ठरवावं.

संशोधक आता हायलुरोनिक ॲसिडला कूर्चेवर धरून ठेवतील असे छोटे प्रथिन-तुकडे बनवत आहेत. 2014 मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या गटाने असा एक प्रयत्न प्रसिद्ध केला. प्रयोगशाळेत बनवलेलं ल्युब्रिसिन उंदरांच्या सांध्यात सोडूनही झीज कमी झालेली दिसली आहे. मला या दिशेबद्दल खरोखर आशा वाटते. पण त्या आशेवर आजचा व्यायाम पुढे ढकलू नका.

डॉक्टरांकडे तीन महिन्यांनी परत जा आणि जाताना लिहून न्या: किती चालता येतं, जिना कसा जातो, सकाळचा आखडलेपणा किती वेळ टिकतो. गुडघा मध्येच अडकून सरळ होईनासा झाला, अचानक खूप सुजला, पाय दगा देऊ लागला, रात्री झोपेतून उठवेल इतकं दुखू लागलं, किंवा सूज, लाली आणि ताप एकत्र आले, तर मात्र तीन महिने थांबू नका, लगेच दाखवा.